खंडानंतर पुन्हा ट्रम्पेट: वापरलेले वाद्य कसे पारखावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्वी काही वर्षे ट्रम्पेट नियमित वाजवले, मग बराच काळ सुटले, आता पुन्हा सुरू करायचे आहे. नव्या वाद्याऐवजी वापरलेले, पण चांगले वाद्य घ्यायचे ठरवले, तर कोणते घ्यावे आणि काय बघून घ्यावे?

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की धरा. आज तुमचे ओठ वाद्याची परीक्षा घेण्याच्या स्थितीत नाहीत. ओठांच्या कोपऱ्यांचे स्नायू काही आठवड्यांच्या खंडानेही ढिले पडतात, मग काही वर्षांचे काय विचारावे. पाच ट्रम्पेट ओळीने वाजवून पाहिली, तर कमीत कमी कष्टात आवाज देणारे वाद्य आवडणार. पुष्कळदा ते सगळ्यांत आधी वाजवलेले असते, कारण पाचव्यापर्यंत ओठ थकलेले असतात. तीन महिन्यांनी ओठ सावरले की तेच वाद्य कोंडल्यासारखे वाटू लागते. पिस्टनची (बोटाने दाबायच्या व्हॉल्व्हमधल्या दट्ट्याची) झीज, हवेची गळती, अडकलेल्या स्लाइडी (सरकत्या नळ्या) आणि पितळेचे क्षरण मात्र तुमच्या ओठांवर अवलंबून नसते. ते आजही पूर्ण खात्रीने तपासता येते. म्हणून निवड या गोष्टींवर करा, आणि आवाजाचा कौल रोज वाजवणाऱ्या एखाद्याकडून घ्या.

शक्य असेल तर खरेदीआधी तीन-चार आठवडे उसने किंवा भाड्याचे कोणतेही ट्रम्पेट घेऊन दिवसाला दहा-पंधरा मिनिटे लांब स्वर वाजवा. मधल्या सप्तकातला जी आठ-दहा सेकंद न थरथरता धरता येऊ लागला की मग वाद्ये बघायला निघा. तेवढ्याने ओठ पूर्ण परत येणार नाहीत, पण वाद्याचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे थोडेफार उमगू लागते.

वाद्याचा प्रकार ठरवायला फार वेळ घालवू नका. बी फ्लॅट ट्रम्पेटच घ्या. सी ट्रम्पेट, पिकोलो आणि पॉकेट ट्रम्पेट यांची गरज पडली तर ती नंतर. नळीचा आतला व्यास, म्हणजे बोर, ११.६५ मिलिमीटरच्या आसपास असावा. इंचांत तो ०.४५९ असा लिहिलेला दिसेल आणि मीडियम लार्ज या नावाने ओळखला जातो. शिकाऊ वाद्यांपासून व्यावसायिक वाद्यांपर्यंत सर्वांत जास्त दिसणारे माप हेच. यापेक्षा मोठा बोर हवा जास्त मागतो, आणि सध्या तुमचा दमही कमी आहे. अर्थात एकट्या बोरवरून वाद्य जड फुंकावे लागेल की हलके, हे ठरत नाही. लीडपाइपचा, म्हणजे माउथपीसलगतच्या नळीचा, निमुळतेपणा आणि बेलचा, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाचा, आकार यांचाही त्यात वाटा असतो, त्यामुळे आकड्यावर अडून बसू नका.

विश्वासाने घ्यावीत अशी नावे आहेत. यामाहाची वायटीआर-२३३५ आणि तिच्या मागेपुढे निघालेली शिकाऊ मॉडेल, तसेच थोडी वरची वायटीआर-४३३५, बाखचे टीआर-३००, गेट्झनची ३०० मालिका, किंगचे ६०१, कॉनचे डिरेक्टर. ऑल्ड्सचे अँबॅसॅडर जुने असले तरी फार भक्कम बांधणीचे वाद्य आहे. मात्र ती कंपनी १९७९ मध्ये बंद पडली, त्यामुळे एखादा भाग तुटला तर जुन्या वाद्यातून काढलेला किंवा हाताने घडवलेला बसवावा लागतो. हात सोडून खर्च करायचा असेल आणि पूर्वी खरोखर चांगले वाजवत असाल, तर बाख स्ट्रॅडिव्हेरियस १८०-३७ किंवा गेट्झन एटर्ना ९०० वापरलेले मिळते. तरी माझे मत असे, की झिजलेल्या व्हॉल्व्हचे व्यावसायिक वाद्य घेण्यापेक्षा निरोगी व्हॉल्व्हचे शिकाऊ वाद्य घ्यावे. नावाला भुलून थकलेले स्ट्रॅडिव्हेरियस घेतले, की खंडानंतरचे पहिले वर्ष सरावाऐवजी दुरुस्तीत जाते.

टाळायची वाद्येही सांगतो. रंगीबेरंगी, नाव-गाव नसलेली, पेटी-हातमोजे-पुसणी सकट अगदी कमी किमतीला मिळणारी ट्रम्पेट घेऊ नका. त्यांचे पिस्टन आणि केसिंग (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) यांतली फट सुरुवातीपासूनच एकसारखी नसते, सोल्डर सुटते, भाग मिळत नाहीत आणि अनेक कारागीर ती हातातच धरत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची, हाय पिच शिक्का असलेली वाद्येही वाजवण्यासाठी घेऊ नका. ती आजच्या प्रमाण सुरापेक्षा (ए = ४४० हर्ट्झ) बरीच चढी असतात आणि ट्यूनिंग स्लाइड पूर्ण ओढली तरी आपापसांतले स्वर बिघडतात. ब्रिटिश ब्रास बँडांत असा चढा सूर १९६० च्या दशकापर्यंत वापरात होता. त्यामुळे तिथली वाद्ये, विशेषतः कॉर्नेट, घेताना ट्यूनरवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता व्हॉल्व्ह. ट्रम्पेटची किंमत खरे म्हणजे इथे असते. पोचे निघतात, लॅकर (वरचा पारदर्शक लेप) गेले तरी बिघडत नाही, पण झिजलेला व्हॉल्व्ह पुन्हा बसवायचा म्हणजे पिस्टनवर नवा मुलामा चढवून, केसिंगला घासून एकेक जोडी जुळवावी लागते. शिकाऊ वाद्याच्या बाबतीत तो खर्च वाद्याच्या किमतीशी बरोबरी करतो, किंवा पुढेही जातो.

तिन्ही पिस्टन एकेक करून बाहेर काढा. प्रत्येकावर १, २, ३ असा आकडा असतो. परत घालताना त्याच केसिंगमध्ये आणि गाइड खाचेत बसेल असाच घाला. चुकीच्या जागी गेला किंवा फिरला, तर वाद्यातून हवाच जात नाही. सराव सुटलेल्याला हे आधी आपलेच अपयश वाटते, म्हणून लक्षात ठेवा. पिस्टन पुसून उजेडात फिरवा. निकेलचा मुलामा असेल तर तो चांदीसारखा एकसारखा दिसायला हवा. पिवळसर किंवा तांबूस पट्टे दिसले, की मुलामा जाऊन खालचा धातू उघडा पडला आहे. मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे पिस्टन करडे, थोडे मंद दिसतात. ते आतपर्यंत त्याच धातूचे असल्याने उघडे पडण्याचा प्रश्न नसतो. यामाहाचे बहुतेक पिस्टन मोनेलचे असतात. त्यांवर उभ्या बारीक रेघा किती आणि बोटाच्या नखाला लागतात का, ते बघा. नखाला न लागणाऱ्या रेघा चालतात. नख अडखळले, तर कधीतरी वाळूचा कण किंवा कडक झालेली घाण घेऊन तो व्हॉल्व्ह वाजवला गेला आहे.

मग गळतीची परीक्षा. पहिली स्लाइड पुसून तिला पुरेसे ग्रीस लावा, आत ढकला, आणि पहिला व्हॉल्व्ह न दाबता झटकन ओढून बाहेर काढा. बुचासारखा 'पॉप' असा स्पष्ट आवाज यायला हवा. मग दुसरी आणि तिसरी स्लाइड, त्या-त्या व्हॉल्व्हला हात न लावता. व्हॉल्व्ह वर असताना त्याच्या स्लाइडची दोन्ही तोंडे पिस्टनच्या भिंतीने बंद असतात, म्हणून ओढताना आत पोकळी तयार होते आणि स्लाइड सुटताना आवाज होतो. आवाज आलाच नाही, तर हवा कुठून तरी आत शिरते आहे. पण लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. स्लाइडच्या नळ्या ढिल्या असल्या तरी आवाज येत नाही, म्हणून पुन्हा जाडसर ग्रीस लावून बघा. ग्रीसने आवाज परतला तर दोष स्लाइडचा, आणि तो तुलनेने किरकोळ. ग्रीस लावूनही स्लाइड मुकाट निघत असेल, तर पिस्टन आणि केसिंगमधली फट वाढलेली आहे. एक अपवाद: काही वादक तिसऱ्या किंवा पहिल्या व्हॉल्व्हला बारीक छिद्र पाडून घेतात, म्हणजे व्हॉल्व्ह न दाबता स्लाइड हलवता येते. तसे छिद्र असेल तिथे आवाज येणार नाही. विक्रेत्याला विचारा आणि स्वतःही शोधा.

झीज हातालाही कळते. वरचे झाकण काढा, पिस्टन थोडा वर घेऊन आडवा हलवून बघा. पातळ तेल लावलेले असताना तो टकटक आवाज करत हलत असेल, तर फट मोठी आहे. नव्यासारखा घट्ट कोणताच जुना पिस्टन नसतो. बघायचे ते तिन्हींमधला फरक. दुसरा व्हॉल्व्ह बाकी दोघांपेक्षा कितीतरी ढिला असणे वाईट, तिघे सारखेच थोडे ढिले असणे त्या मानाने बरे. अशा थोड्या झिजलेल्या वाद्याला नेहमीच्या पातळ तेलाऐवजी जुन्या व्हॉल्व्हसाठी म्हणून मिळणारे जाड तेल लावले, तर फट भरते आणि वाद्य आणखी बरीच वर्षे चालते.

अडखळणारा व्हॉल्व्ह ही वेगळी तक्रार आहे, आणि विक्रेते ती सहज उडवून लावतात: थोडे तेल लागेल, एवढेच. कधी ते खरेही असते. सुकलेले तेल आणि वर्षानुवर्षांची चिकट घाण कोमट पाण्यात साबण घालून धुतल्यावर जाते. पण केसिंगला धक्का बसला असेल, तर कितीही तेल घाला, पिस्टन त्याच ठिकाणी थांबतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सावकाश, एकदा सरळ आणि एकदा बोट तिरके ठेवून दाबा. प्रत्येक वेळी नेमक्या त्याच उंचीवर अडत असेल, तर संशय केसिंगवर किंवा वाकलेल्या दांड्यावर घ्या. दुसऱ्या व्हॉल्व्हचे निरीक्षण इथे विशेष करा. त्याची छोटी स्लाइड बाजूला डोकावलेली असते. ट्रम्पेट त्या बाजूवर आडवे ठेवले किंवा पडले, की सगळा भार त्या स्लाइडमार्गे केसिंगवर येतो, केसिंग किंचित दबते आणि दुसरा पिस्टन अडकू लागतो. दुसऱ्या स्लाइडला पोचा दिसला आणि दुसरा व्हॉल्व्ह मंदही असला, तर त्या दोन गोष्टी वेगळ्या समजू नका.

स्लाइडी. मुख्य ट्यूनिंग स्लाइड बोटांच्या जोरावर निघाली पाहिजे. तिसरी स्लाइड तर अंगठीत बोट घालून वाजवता वाजवता हलायला हवी. हा लाड नव्हे, ती ट्रम्पेटची गरज आहे. कारण गणितात आहे. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर लांब. पहिला व्हॉल्व्ह दोन अर्धस्वर उतरवतो, त्यासाठी सुमारे १८ सेंटिमीटर नळी वाढते. तिसरा तीन अर्धस्वर उतरवतो, त्याला सुमारे २८. दोन्ही एकत्र दाबले की ४६ सेंटिमीटर मिळतात, पण पाच अर्धस्वर उतरायला जवळपास ४९.५ लागतात. म्हणून स्टाफखालचा (स्वरलिपीच्या पाच रेघांखालचा) डी चढा लागतो, आणि तिन्ही व्हॉल्व्हचा सी शार्प त्याहूनही चढा. कारखाने तिसरी नळी थोडी लांब ठेवून काही भाग भरून काढतात. उरलेले तुम्हाला स्लाइड ओढून भरावे लागते, डीसाठी साधारण एक ते दीड सेंटिमीटर आणि सी शार्पसाठी दोन ते अडीच. तिसरी स्लाइड अडकलेली किंवा अंगठी मोडलेली असेल, तर सुरात वाजवणे अवघड होईल.

अडकलेल्या स्लाइडवर जोर लावू नका, आणि विक्रेत्यालाही लावू देऊ नका. पक्कड आणि दोरीचे हिसके यांनी सोल्डर सुटते किंवा नळी पिळली जाते. कारागीर मुरणारे तेल आणि नेमकी उष्णता वापरून बहुतेक स्लाइडी काढतो. लीडपाइपमध्ये माउथपीस अडकला असेल तरी हेच. त्याच्यासाठी खास पुलर असतो आणि काम काही मिनिटांचे आहे. हाताने पिळून काढायला गेलात तर लीडपाइप आणि त्याचे आधार हलतात. या दोन्ही दोषांपायी चांगले वाद्य सोडू नका, किंमत मात्र त्या हिशेबाने ठरवा.

लीडपाइप म्हणजे माउथपीसपासून ट्यूनिंग स्लाइडपर्यंतची नळी. वर्षानुवर्षे ओलसर श्वास आणि लाळ हिच्यातच साचते. साध्या पिवळ्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. आतून जस्त निघून जाते आणि मागे राहते ते सच्छिद्र, तांबूस तांबे. याला रेड रॉट म्हणतात. बाहेरून ते लॅकरखाली गुलाबी ठिपक्यासारखे दिसते, पुष्कळदा ठिपक्याच्या मध्यावर गडद टिंब. हे आतून बाहेर येत असल्यामुळे बाहेर दिसले याचा अर्थ नळी तिथे जवळपास संपत आली. ट्यूनिंग स्लाइड काढून लीडपाइप उजेडाकडे धरा आणि आतून बघा. गुळगुळीत भिंत हवी, खडबडीत चट्टे नकोत. स्लाइडच्या वळणावर आणि खालच्या बाजूला जास्त शोधा, कारण पाणी तिथे थांबते. लीडपाइपवर बाहेरून जोडलेले ठिगळ दिसले, तर ते छिद्र झाकायला आहे असेच समजा. लीडपाइप बदलता येतो, आणि चांगल्या वाद्याला तो बदलणे परवडतेही. स्वस्त शिकाऊ वाद्याला नाही. ८५ टक्के तांब्याच्या गोल्ड ब्रासला हा रोग बराच कमी लागतो. डाव्या हाताच्या घामाने व्हॉल्व्हच्या केसिंगवर पडलेले खड्डे वेगळे. ते बाहेरून आत जाणारे असतात आणि उथळ असतील तर दुर्लक्ष करा.

पोच्यांना लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. बेलच्या रुंद कडेजवळचा छोटा पोचा वाजवण्यात जवळपास काहीच बदलत नाही. नळी जिथे अरुंद, तिथे पोचा महाग: लीडपाइप, ट्यूनिंग स्लाइडचे वळण, व्हॉल्व्हजवळचे तुकडे. बेल डोळ्याच्या रेषेत धरून लीडपाइपशी समांतर आहे का बघा. पडलेल्या वाद्याची बेल वाकलेली असते आणि वळणावर सुरकुती राहते. सुरकुती पूर्ण जात नाही आणि सरळ करताना धातू तिथेच चिरू शकतो. वाद्य हलकेच बोटाने वाजवून खडखड ऐका. आली तर एखाद्या आधाराचे सोल्डर सुटले आहे, ते सहज जोडले जाते.

चकाकीबद्दल एकच इशारा. खूप जुने वाद्य आरशासारखे चमकत असेल, तर त्याला पॉलिश करून पुन्हा लॅकर दिलेले असू शकते. बेलवरचे कोरीव काम बोथट, पुसट झाले असेल आणि कडा गोल झाल्या असतील, तर घासताना धातू पातळ केला आहे. काळी पडलेली चांदी किंवा जागोजागी उडालेले लॅकर असलेले वाद्य त्याहून कितीतरी चांगले.

फुंकण्याआधी एक गोष्ट सक्तीची समजा. पेटीत वर्षानुवर्षे बंद असलेले वाद्य तसेच तोंडाला लावू नका. पेटी उघडताच कुबट वास आला, तर आत बुरशी आहे. न धुतलेल्या फुंकवाद्यांतल्या बुरशी-जिवाणूंमुळे वादकांना फुप्फुसांचा आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. निदान लीडपाइप आणि ट्यूनिंग स्लाइड धुऊन, स्वतःचा माउथपीस लावून वाजवा.

वाजवून बघताना उंच स्वरांच्या मागे लागू नका. स्टाफखालच्या जीपासून तिसऱ्या रेघेवरच्या जागेतल्या सीपर्यंत राहा, आणि शक्य तितके हळू वाजवा. अगदी मंद आवाजात स्वर लगेच उमटतो का, की आधी नुसती हवा जाते? हवा सगळ्याच स्वरांना जात असेल तर दोष बहुधा तुमचा. ठरावीक व्हॉल्व्हच्या स्वरांनाच जात असेल तर वाद्याचा. दुसऱ्या जागेतला ए आधी १-२ ने (पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबून) वाजवा, मग नुसत्या ३ ने. दोन्हींचा पोत जवळपास सारखा हवा. नंतर चौथ्या जागेतला ई मोकळा आणि १-२ ने. मोकळा ई सगळ्याच ट्रम्पेटवर थोडा उतरा असतो, कारण तो पाचवा सुसंवादी स्वर आहे, १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली. फरक थोडा असेल तर ते नैसर्गिक. ओठांनी ओढून घ्यावा लागण्याइतका असेल तर दुसरे वाद्य बघा. ट्यूनरवर तिसऱ्या जागेतला सी लावा. बाहेर तो बी फ्लॅट ऐकू येतो. त्यासाठी मुख्य स्लाइड साधारण एक-दीड सेंटिमीटर बाहेर असावी. पूर्ण आत ढकलूनही स्वर उतराच राहत असेल, तर आधी माउथपीस आणि आपले ओठ तपासा, कारण सराव सुटलेले ओठही स्वर खाली खेचतात. इथे सोबतच्या वादकाने तेच वाद्य वाजवले, की उत्तर मिनिटात मिळते.

वॉटर कीचे, म्हणजे साचलेले पाणी सोडायच्या झडपेचे, बूच विसरू नका. ते आक्रसले तर आवाज धुरकट होतो. बेलचे तोंड तळहाताने नीट बंद करून लीडपाइपमधून हळू फुंकले, की वॉटर कीच्या तोंडाशी ओले बोट धरून गळती कळते. बूच किंवा रबर बदलणे हे सगळ्यांत स्वस्त काम. फेल्टही (व्हॉल्व्हच्या बटणाखालच्या मऊ चकत्या) तसेच. ती दबली की पिस्टन थोडा जास्त खाली जातो, पिस्टनची छिद्रे नळ्यांशी जुळत नाहीत आणि वाद्य कोंडल्यासारखे वाजते. बऱ्याच जुन्या वाद्यांना नव्या फेल्टनेच नवा श्वास मिळतो.

फोटोंवरून घ्यावे लागले, तर विक्रेत्याकडे हे मागा: तिन्ही पिस्टन बाहेर काढून पुसलेले, जवळून, लीडपाइप दोन्ही बाजूंनी नैसर्गिक उजेडात, बेल समोरून आणि बाजूने, अनुक्रमांक, जो बहुतेक ट्रम्पेटवर दुसऱ्या व्हॉल्व्हच्या केसिंगवर कोरलेला असतो, आणि तिन्ही स्लाइडींचा 'पॉप' ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ. अनुक्रमांक घासून काढलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

माउथपीस वाद्यासोबत आलेला वापरू नका, किंवा निदान उकळत्या नव्हे, गरम साबणाच्या पाण्यात नीट धुऊन, रिमचा मुलामा गेला आहे का ते बघून वापरा. उघडे पितळ ओठांना चालत नाही. पूर्वी १½ सी सारख्या मोठ्या मापावर वाजवत असाल, तरी सुरुवात ७ सी किंवा ५ सी वर करा. बाखच्या मापात ७ सी चा आतला व्यास १६.२० मिलिमीटर, ५ सी १६.२५, ३ सी १६.३०, तर १½ सी १७.०० आहे. पहिल्या तिघांतला फरक नगण्य आहे, चौथ्याकडची उडी मोठी. माउथपीसचे खोड लीडपाइपमध्ये साधारण अडीच सेंटिमीटर जायला हवे आणि अजिबात डुगडुगता कामा नये. कॉर्नेटचा माउथपीस खोडाने बारीक असतो. तो ट्रम्पेटात फार खोल जातो आणि सूर-आवाज दोन्ही बिघडवतो, हे जुन्या पेट्यांमध्ये वारंवार दिसते.

व्यवहार झाल्यावर, वाद्य बरे वाजत असले तरी, कारागिराकडे द्या. संपूर्ण धुलाई, नवी फेल्ट, बुचे, स्प्रिंगांची तपासणी आणि तिन्ही पिस्टनची उंची जुळवणे, एवढे सांगा. घरी धुताना पाणी कोमटच ठेवा, गरम पाण्याने लॅकर सुटते. पिस्टन आणि फेल्ट त्या पाण्यात घालू नका. पिस्टन वेगळे, मऊ ब्रशने धुवा. व्हॉल्व्हचे तेल रोज वाजवण्याआधी, स्लाइडींचे ग्रीस महिन्यातून एकदा. तिसऱ्या स्लाइडला मात्र घट्ट ग्रीस नको, ती बोटाच्या हलक्या ओढीने सरकायला हवी, तिथे जाडसर तेल पुरते.